मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी: बॅगेत काय घ्यायचं, काय सोलापुरातच ठेवायचं?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरचे पाच जण दक्षिणेला निघतोय. आई-वडील सत्तरीच्या आसपासचे, आम्ही दोघं आणि दहा वर्षांचा मुलगा. सोलापूरहून नागरकोविलच्या गाडीनं मदुराई, थ्री एसी. तिथून रेल्वेनं रामेश्वरम, मग कन्याकुमारी, शेवटी तिरुवनंतपुरम. येताना विमानानं पुणे आणि पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस. एकूण नऊ दिवस, जानेवारीतल्या आपल्या गड्ड्याच्या यात्रेआधी घरी.

घरात यादी लांबतच चाललीय. आईनं दोन सोलापुरी चादरी काढून ठेवल्यात, सगळ्यांचे स्वेटर बाहेर आलेत, शेंगाचटणी दोन किलो कुटायची ठरलीय. वडिलांचं इन्सुलिन आहे. शिवाय घरात काशीची गंगाजळी आहे, ती रामेश्वरला न्यायचीय. माझ्या हिशेबानं हे सहा मोठ्या बॅगांचं सामान होतंय आणि उचलणारे हात दोघांचेच. काय घ्यावं यापेक्षा काय नक्की ठेवून जावं, ते सांगा.

मधलामारुती

आधी तिकडची हवा बघा, निम्मी यादी तिथंच कटेल. आपल्याकडं पाऊस जून ते सप्टेंबर. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. डिसेंबरच्या मध्यावर तो ओसरायला लागतो, पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की रामेश्वरमकडं लागून राहतो. थंडी मात्र नाही. सोलापुरात पहाटे शाल लागते तेव्हा तिकडं किनाऱ्यावर पंखा लावून झोपावं लागतं. त्यामुळे स्वेटर पाचही कपाटात परत. माणशी एक शाल पुरे, तीही एसी डब्यासाठी आणि पहाटे स्टेशनवर जाण्यासाठी. घडीच्या छत्र्या दोन घ्या. रामेश्वरमच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, म्हणून आई-वडिलांसाठी पातळ रेनकोट वेगळे.

कपडे माणशी अंगावरचा एक आणि बॅगेत चार जोड. मध्ये दोनदा धुवायचे. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सोलापूरच्या कोरड्या हवेत रात्री वाळत घातलेला कपडा सकाळी खडखडीत असतो, समुद्रकाठी तसं होत नाही. जाड सुती कुर्ता, जीन्स, टर्किश टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसरच राहतात आणि वास मारायला लागतात. जीन्स एकही नको. टॉवेल आपला सोलापुरी कितीही चांगला असला तरी प्रवासात नको. पातळ पंचे न्या, माणशी दोन. सोबत पाच मीटर नायलॉनची दोरी आणि दहा-बारा चिमटे.

आता देवळांचं. तुमच्या यादीत सगळ्यात जास्त विचार याचा व्हायला हवा, कारण इथं चुकलं तर दारातून परत फिरावं लागतं.

तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना पॅन्ट-शर्टात सोडत नाहीत. मुंडू किंवा धोतर नेसायचं, कमरेच्या वर उघडं, खांद्यावर उपरणं चालतं. मुलालाही तेच. बायकांना साडी उत्तम. सलवार-कुर्ता असेल तर त्यावरून मुंडू गुंडाळावं लागतं. बाहेर धोतरं विकत मिळतात, पण ऐन वेळी रांग सोडून नेसत बसण्यापेक्षा घरातल्या दोघा पुरुषांची आणि मुलाच्या मापाचं एक, अशी तीन धोतरं बॅगेत ठेवा. मुंडू सवय नसलेल्याच्या कमरेवरून सुटतं. आत हाफ पॅन्ट घालावी आणि वरून सुती नाडा बांधावा. वेल्क्रोची पट्टी लावलेली धोतरंही मिळतात, मुलासाठी ती बरी. कन्याकुमारीला देवीच्या मंदिरातही पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं.

मोबाइल. मद्रास उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या मंदिरांत मोबाइल बंद करायला सांगितलं. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात तर त्याच्या आधीपासून बंदी आहे. फोन बाहेर खिडकीवर जमा करायचा. पद्मनाभस्वामीलाही तेच. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्हींची तयारी बॅग भरतानाच करावी लागते.

एक, आत यूपीआय नाही. तिकीट, दिवा, प्रसाद, चप्पल सांभाळणारा, सगळं रोख. १०, २०, ५० च्या नोटा मिळून दोन-अडीच हजार रुपये सोलापुरातूनच सुटे करून न्या आणि दोघांकडं वाटून ठेवा.

दोन, चुकामूक. ही मंदिरं अवाढव्य आहेत. मीनाक्षी मंदिराला चार दिशांना चार मोठी गोपुरं. एका दारानं आत गेलेला माणूस दुसऱ्या दारानं बाहेर पडला की चप्पल एकीकडं, फोन दुसरीकडं, आई तिसरीकडं. आई-वडिलांच्या आणि मुलाच्या खिशात एकेक कार्ड हवं: लॉजचं नाव-पत्ता इंग्रजीत, तुमचे दोघांचे नंबर, आणि प्रत्येक मंदिराला ठरवलेली भेटायची जागा, उदाहरणार्थ ‘पूर्व गोपुर, बाहेरच्या बाजूला’. बॉलपेननं लिहा, शाईपेननं नको, शाई घामानं पसरते. हे पाच मिनिटांचं काम आहे.

नवीपेठकाकू

खाण्याचं मी सांगते. पाच माणसं आणि नऊ दिवस म्हणून दोन किलो चटणी नको हो. पाव किलो खूप झाली, अर्धा किलो म्हणजे डोक्यावरून पाणी. तिकडं इडली, डोसा, पोंगल, भात सगळीकडं मिळतं. चटणी लागते ती जिभेला आपली चव हवी म्हणून, पोट भरायला नाही.

उखळात कुटलेल्या शेंगाचटणीला तेल सुटतं. स्टीलच्या डब्यात भरली की झाकणाच्या कडेनं तेल झिरपून साडीवर जातं, आणि तो लाल डाग निघत नाही. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, हवा काढून सील, आणि मग डबा. सील करायचं यंत्र घरी नसेल तर चटणीच्या दुकानातूनच शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं करून घ्या. एका वेळी एकच फोडायचं.

कडक भाकरी नेताय का? न्या, पण कुठपर्यंत पुरवायची ते ठरवून न्या. बंद डब्यात कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते ती आपल्या हवेत. समुद्राच्या हवेत डबा उघडा राहिला की सादळते, मग ती ना मोडत ना चावत. गाडीतल्या दिवसासाठी आणि मदुराईसाठी दहा-बारा भाकरी भरपूर. गोल सपाट डब्यात एकावर एक, मध्ये कागद, आणि डब्यात वरची पोकळी राहिली तर पंच्याची घडी घालून दाबून टाका. पोकळी राहिली की हिंदकळून चुरा होतो. चुरा झालाच तरी फेकू नका, दह्यात कालवला की मस्त लागतो, आणि दही तिकडं कुठंही मिळतं.

गाडीत पहिल्या जेवणाला धपाटे. त्यात दही आणि कांदा घालू नका, दोन्हींनी लवकर आंबतात. दुसऱ्या दिवसाला दशम्या, दुधात भिजवलेल्या, पाण्याचा थेंब नको. गरम असताना डब्यात कोंडू नका, पूर्ण गार झाल्यावरच भरा. वाफ धरली की संध्याकाळपर्यंत तार सुटते. चिवडा करत असाल तर खोबऱ्याचे काप घालू नका, दमट हवेत आधी तेच खवट होतात.

घरी ठेवा: लोणच्याची बरणी, लाडूंचे मोठे डबे, स्टीलची ताटं, इंडक्शन. गॅसची शेगडी किंवा स्टोव्ह तर रेल्वेत नेताच येत नाही. चहा करायला छोटी इलेक्ट्रिक किटली नेणारे असतात, पण गाडीतल्या चार्जिंगच्या पॉइंटला ती कधीही लावू नका. तो मोबाइलपुरता असतो.

होटगीरोडकर

काकू, आईला वाचून दाखवलं. पाव किलोवर तडजोड झाली. चादरींचं मात्र ती ऐकत नाही. म्हणते लॉजच्या गादीवर आपली चादर हवीच.

बाळीवेस

आईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. काही धर्मशाळांत, मठांत नुसती गादी किंवा चटई मिळते, आणि आपली चादर अंथरली की झोप लागते. एक न्या. जाड असते म्हणून खाली अंथरायलाही चालते, गाडीला उशीर झाला तर फलाटावरही.

मधलामारुती

बाळीवेस, माझं मत वेगळं आहे. एकेरी सोलापुरी चादर सहज किलोभराची असते, आणि वजनापेक्षा तिची घडी जागा खाते: बॅगेतल्या तीन साड्यांची जागा. विणीतच ती दुपदरी आणि जाड, म्हणून एकदा भिजली की डिसेंबरच्या रामेश्वरममध्ये दोन दिवस वाळणार नाही. ओली चादर बॅगेत घालून पुढच्या गावाला जाणं म्हणजे बाकीच्या कपड्यांचं वाटोळं. थ्री एसीत दोन पांढऱ्या चादरी, उशी आणि ब्लँकेट मिळतं. लॉजवर गादीवर अंथरायचीच असेल तर जुनी मऊ सुती साडी चौघडी करून न्या. आईंना घरच्या कापडाचा स्पर्श मिळेल, वाळेल दोन तासांत, आणि येताना ठेवून आलात तरी चालेल.

चादर न्यायची एकच चांगली वेळ: तिकडं कुणाला भेट द्यायची असेल तेव्हा. मग पॅक न फोडता न्या. भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, भेटीला मान आहे तिला.

बाळीवेस

साडीचा उपाय पटला. तुमची धर्मशाळा नसून लॉज असेल तर चादर नकोच.

सातरस्ता_औषधवाले

इन्सुलिनचं नीट लिहितो, कारण यात अर्धवट माहिती धोक्याची असते.

चालू असलेलं पेन किंवा कुपी बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस चालते. नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो, तो बघा. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत. नऊ दिवसांच्या प्रवासाला एक चालू आणि एक जादा, एवढंच न्या. बर्फाच्या पाकिटाला इन्सुलिन थेट टेकवू नका. गोठलं की ते निकामी होतं, परत वितळलं तरी वापरायचं नाही. रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा. पाण्यात भिजवायचे जेलचे पाउच मिळतात, ते बाष्पीभवनानं गार होतात. सोलापुरात छान काम करतात, पण किनाऱ्याच्या दमट हवेत पाणी उडत नाही म्हणून तितके गार होत नाहीत. रामेश्वरमला फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका, लॉजवाल्याला फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. फ्रीजरच्या कप्प्याखाली नको, दाराच्या कप्प्यात. निघताना विसरू नये म्हणून खोलीच्या किल्लीला चिठ्ठी बांधा.

विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत. खाली सामानात दिलं तर गोठण्याची भीती असते, आणि बॅग मागं राहिली तर डोसही मागं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, सुया आणि ग्लुकोमीटर असतो म्हणून.

बाकी गोळ्या मूळ पट्टीतच न्या. आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत सगळ्या सुट्या केल्या की हरवल्यावर तिकडच्या दुकानदाराला नाव सांगता येत नाही. नऊ दिवसांच्या प्रवासाला तेरा दिवसांच्या गोळ्या, दोन ठिकाणी विभागून. ओआरएसची सहा-सात पाकिटं, एक पाकीट एक लिटरला. अर्ध्या ग्लासात घोळून पिऊ नका, मीठ जास्त होतं. पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, पट्ट्या, डासांचं मलम. एवढं झालं की औषधांची पिशवी बंद करा. खोकल्याच्या बाटल्या, बामच्या चार प्रकारच्या डब्या सोडा. मदुराईत औषधांची दुकानं आपल्यापेक्षा कमी नाहीत.

वडिलांसाठी एक खास. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असते, आणि देवळात अनवाणी चालावं लागतं. उन्हानं तापलेल्या दगडी आवारात पाय भाजतो आणि कळतही नाही. दर्शन पहाटे किंवा संध्याकाळी ठेवा, तशीही बरीच मंदिरं दुपारी बंद असतात. रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात बघा. छोटा आरसा बॅगेत असू द्या, तळव्याखाली धरला की वाकावं लागत नाही.

मधलामारुती

रामेश्वरमच्या स्नानाचं राहिलं. आधी समुद्रात अग्नितीर्थ, मग देवळातल्या २२ तीर्थांवर बादलीनं पाणी अंगावर घेत फिरायचं, आणि मग कोरडे कपडे घालून दर्शन. ओल्यानं गाभाऱ्याकडं सोडत नाहीत. म्हणून त्या दिवसाचं सामान आदल्या रात्रीच माणसागणिक लावा: एका प्लास्टिकच्या पिशवीत एकाचा पूर्ण कोरडा जोड, पंचा आणि ओलं भरायला रिकामी पिशवी. पाच माणसं, पाच पिशव्या, वर नावं. सगळ्यांचं एकत्र भरलं की कपडे बदलायच्या खोलीत गोंधळ उडतो.

स्नानाचे कपडे गडद रंगाचे आणि पातळ सिंथेटिक. पांढरं नको, जाड सुती साडी नको, ती भिजल्यावर पायात अडकते, आणि दगडी फरशी त्या सगळ्या वाटेवर निसरडी असते. मंगळसूत्र साधं काळ्या मण्यांचं ठेवा. पाटल्या, गंठण, अंगठ्या सोलापुरातच, लॉकरमध्ये. बादली डोक्यावर ओततात, तेव्हा चष्म्याला दोरी हवी, आणि कुणाला श्रवणयंत्र असेल तर ते लॉजवरच काढून ठेवा.

चप्पल माणशी एक जोड. पट्ट्याची, रबरी तळव्याची, वाकून न सोडवता निघणारी. बूट नकोत, कोल्हापुरी तर मुळीच नको, पावसात तिचं चामडं फुगतं. सगळ्यांच्या चपला एकाच कापडी पिशवीत घालून ठेवायला दिल्या की शोधाशोध होत नाही.

अक्कलकोटरोड

बॅगांबद्दल. थ्री एसीत माणशी ४० किलोपर्यंत मुभा आहे, पण तो आकडा विसरा. विमानाचं तिकीट बघा: देशांतर्गत बहुतेक साध्या तिकिटांवर १५ किलो खाली आणि ७ किलो हातात. त्याहून महत्त्वाचं, स्टेशनचा जिना. पाच माणसांत चाकांच्या तीन बॅगा, २४ इंचांपेक्षा मोठी एकही नको, प्रत्येकी १२ किलोच्या आत, आणि दोन पाठीवरच्या. त्यापेक्षा मोठी बॅग खालच्या बर्थखाली आडवी-तिडवी बसते आणि समोरच्यांशी वाद होतो. भरून झाल्यावर हुकाच्या काट्यावर तोला. साखळी-कुलूप एक न्या, बर्थखाली अडकवायला कड्या असतात.

पॉवरबँक एकच, २०,००० एमएएचची. विमानात १०० वॉट-तासांपर्यंत चालते, २०,००० ची साधारण ७४ भरते. तिच्यावर हा आकडा छापलेला हवा, पुसला असेल तर अडवू शकतात. ती हातातल्याच बॅगेत, खाली द्यायच्या बॅगेत अजिबात नाही. गाडीत बऱ्याचदा रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, म्हणून जेवणाच्या वेळेलाच फोन लावा.

येताना चटणी उरली असेल तर ती आणि लोणच्यासारखं काहीही खालच्या बॅगेत. केरळातून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणायचा मोह आवरा. त्यातल्या तेलानं त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. केळ्याचे वेफर्स, हलवा खुशाल आणा. त्यासाठी घडीची एक रिकामी कापडी बॅग जातानाच तळाशी ठेवा. ती हुतात्मात वरच्या फळीवर सहज बसते.

मूळ आधार कार्ड प्रत्येकाचं, शिवाय लॉजसाठी दोन-दोन झेरॉक्स. मुलाचंही.

होटगीरोडकर

खूप खूप आभार. फक्त गंगाजळीचं राहिलं. डाख दिलेला तांब्याचा छोटा गडू आहे.

मधलामारुती

डाख फोडू नका, तसाच न्या. देवळात अभिषेकासाठी गंगाजल देता येतं, तिथल्या कार्यालयात पावती करायची. प्रवासात दोन गोष्टींनी गडू गळतो: आडवा राहिला की डाखाच्या बारीक फटीतून, आणि बॅग आपटली की तळाशी पोचा पडून. पंच्यात गुंडाळा, घट्ट बसेल अशा प्लास्टिकच्या बरणीत उभा घाला, कडेनं रिकाम्या जागेत मुलाचे मोजे कोंबा. ही बरणी पाठीवरच्या बॅगेत, आणि ती बॅग बर्थखाली न ठेवता उशाशी. पांबनचा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालाय, त्यामुळे गाडी थेट रामेश्वरम स्टेशनपर्यंत जाते आणि गडू घेऊन मध्ये बस बदलायचा प्रश्न राहत नाही. मदुराईला फक्त एवढं बघा की मीनाक्षीच्या दर्शनाला जाताना तो लॉजवर कुलपात राहील. तिथं पिशव्या आत सोडत नाहीत.